८ जीबीची रॅम लावल्यावर डिस्प्ले येत नाही, जुनी ४ जीबीची लावली की येतो. मदरबोर्ड गेला असेल का?

बोर्ड गेलेला नाही. जुनी ४ जीबीची रॅम परत लावली की मशीन नेहमीसारखं सुरू होतं, हे तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. तरीही दुकानदार ‘मदरबोर्ड बदला’ म्हणत असेल तर त्याच्याकडे पडून असलेला एखादा बोर्ड खपवायचा असावा. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रण चिपचा) बोर्ड, वर इंटेलचाच आय३-२१२० प्रोसेसर, ऑनलाइन स्वस्तात मिळालेली डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमची ८ जीबीची स्टिक (पट्टी) आणि ती लावल्यावर नुसती लांब बीप, एवढं वाचूनच माझा संशय स्टिकवर गेला. जिथून मागवली त्या पानावर किंवा पाकिटावर कुठे बारीक अक्षरात ‘फॉर एएमडी’ किंवा ‘एएमडी ओन्ली’ लिहिलंय का बघा. एएमडी म्हणजे प्रोसेसर बनवणारी इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी.

हा प्रकार जुन्या डीडीआर३ रॅमच्या बाजारात सर्रास चालतो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यातली वाट ६४ बिटांची असते. डेस्कटॉपच्या नेहमीच्या ८ जीबीच्या स्टिकवर बहुधा १६ चिप असतात आणि प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. म्हणजे आठ चिपमध्येच ६४ बिट पुरे होतात, उरलेल्या आठ चिपांचा दुसरा संच. ‘एएमडीवाल्या’ स्टिकवरही १६च चिप असतात, पण त्यातली प्रत्येक चिप फक्त ४ बिटांची, त्यामुळे ६४ भरायला सगळ्या सोळा लागतात. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, ८ आणि १६ बिटांच्या चिपच ओळखतो. ४ बिटांची चिप त्याच्या गावीच नसते, म्हणून तो बीप देऊन गप्प बसतो. एएमडीच्या त्या काळातल्या एएम३ सॉकेटच्या बोर्डांवर मात्र तीच स्टिक बिनबोभाट चालते.

नुसतं बघून दोन्हींतला फरक कळणार नाही. स्टिक उजेडात तिरकी धरा आणि काळ्या चिपवरचा बारीक नंबर वाचा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलात तर सोपं जाईल. सॅमसंगच्या चिपवर के४बी४जी०८४६ अशी सुरुवात असेल तर ‘४जी’नंतरचे ०८ म्हणजे ८ बिट, इंटेलवर चालेल. तिथे ०४ असेल तर विषय संपला. हायनिक्सच्या चिपवर तेच ‘४जी’नंतर ८३ किंवा ४३ असं दिसतं, ४३ म्हणजे ४ बिटवाली. काही चिपवर नंबर घासून भलताच छाप मारलेला असतो. अशी स्टिक मी तरी कुणाच्या मशीनमध्ये लावत नाही.

०४ किंवा ४३ निघालं तर स्टिक लगेच परत करा. कारण लिहिताना ‘खराब आहे’ असं लिहू नका. ते एएमडीच्या बोर्डवर लावून बघतील, चालू दिसेल आणि तुमचीच तुम्हाला परत येईल. ‘इंटेल एच६१ बोर्डशी जुळत नाही’ असं स्पष्ट लिहा.

आता घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर ८ची नको, ४ जीबीचीच आणखी एक घ्या. बोर्ड १६ जीबीपर्यंत घेतो हे खरं, पण ब्राउझर, एक्सेल, टॅली आणि मुलांचे ऑनलाइन तास यांना एकूण ८ पुरते. दोन्ही स्लॉटमध्ये सारखी रॅम असली की ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरतो. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे डिस्प्लेसाठीही हीच रॅम वापरली जाते, तिथे त्याचा फायदा जाणवतो. दुकानात स्टिकर वाचून घ्या: पीसी३-१०६०० (म्हणजे १३३३ वेगाची) किंवा पीसी३-१२८०० (१६०० वेगाची), आणि त्याच्या शेवटी ‘यू’. शेवटी ‘आर’ असेल तर ती सर्व्हरमधून काढलेली, तुमच्या कामाची नाही. ‘एस’वाली लॅपटॉपची, ती स्लॉटमध्ये बसणारच नाही. तुमचा प्रोसेसर रॅम १३३३च्या वर पळवत नाही. १६०० वाली घेतली तरी ती १३३३वर चालेल, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जुनी रॅम सोबत घेऊन जा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर वापरलेली डीडीआर३ अजून मिळते, फक्त दुकानातच एखाद्या इंटेल बोर्डवर लावून दाखवायला सांगा.

बसवताना स्विच बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावा. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये स्लॉटात धूळ असणारच, ती कोरड्या ब्रशने काढा. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कीस झटकून टाका. अर्ध्या ‘रॅम गेली’च्या तक्रारी इथेच मिटतात. स्टिक दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन दाबा, खटका आपोआप आत आला पाहिजे.

मशीन सुरू झाल्यावर ‘सिस्टीम’मध्ये बघा. ‘८ जीबी, ३.४१ युजेबल’ असं काहीतरी दिसलं तर विंडोज ३२ बिट आहे, आणि २०१२च्या असेंबल्ड मशीनमध्ये ती शक्यता भरपूर. ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही. तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण ३२ वरून ६४ वर नुसतं अपग्रेड करता येत नाही, नव्याने टाकावं लागतं. त्याआधी मराठी टायपिंगचं किंवा हिशेबाचं एखादं फार जुनं सॉफ्टवेअर वापरात आहे का ते तपासा. १६ बिटांच्या काळातली सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. मशीन रडतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर रॅमने फरक पडेल. मेमरी निवांत आणि डिस्क १०० टक्के असेल तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे, तिथे १६ जीबी घातलीत तरी काही होणार नाही. साधी साटा एसएसडी लावा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, हार्ड डिस्कच्याच साटा वायरवर चालणारी डिस्क. एच६१वर ती पूर्ण वेगाने चालत नाही, साटाचा वेग ३ गिगाबिटवर अडतो, तरीही जुन्या हार्ड डिस्कपुढे फरक लगेच कळतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, त्यामुळे या मशीनवर खर्च बेताचाच करा. बँकेची कामं यावरच करत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, ८ जीबीत ते छान चालतं. आणि एसएसडी घेणारच असाल तर आत्ता विंडोज नव्याने टाकायची घाई करू नका. आधी एसएसडी बसवा आणि ६४ बिट थेट तिच्यावरच टाका, नाहीतर तेच काम दोनदा होईल.