सुट्टीतील सशांचा मुक्काम: खर्च किती आणि कुठून काढावा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पाच महिन्यांनी तुम्ही कुटुंबासह अकरा रात्रींच्या सहलीला निघणार आहात आणि घरी सशांची जोडी आहे: चार वर्षांचा नर, आणि दातांच्या दुखण्यामुळे रोज औषध घ्यावे लागणारी सहा वर्षांची मादी. दोघांची नसबंदी झालेली आहे आणि दोघे एकाच पिंजऱ्यात राहतात. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. कुत्र्या-मांजरांचे एक बोर्डिंग ससेही ठेवून घेते. केवळ ससे आणि गिनीपिग सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, ज्यांचा दर तुमच्या शब्दांत ‘जवळपास तिप्पट’ आहे. शिवाय शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ येऊन गवत-पाणी बघायला तयार आहे, तेही काही न घेता. बाईंकडे ठेवायचे तर सहलीच्या अंदाजपत्रकाच्या १२ टक्के रक्कम लागते. ती आपत्कालीन निधीतून घ्यावी असे तुमच्या यजमानांचे मत आहे आणि तुमचे मन त्याला तयार नाही.

माझे मत आधीच सांगतो. ससे त्या बाईंकडेच ठेवा, निधीला हात लावू नका आणि सहल एका रात्रीने कमी करा.

‘तिप्पट’ हा शब्द आधी तपासू. तुम्ही पाठवलेली दोन्ही दरपत्रके शेजारी ठेवली, तेव्हा लक्षात आले की दोघांची मोजण्याची रीतच वेगळी आहे. बोर्डिंगचा दर दर सशामागे आणि दर दिवसामागे आहे, आणि सोडण्याचा व नेण्याचा असे दोन्ही दिवस ते पूर्ण धरतात. अकरा रात्रींचे त्यामुळे बारा दिवस होतात, आणि दोन सशांचे चोवीस. बोर्डिंगचा एका सशाचा एका दिवसाचा दर १ धरला, तर मूळ खर्च २४ झाला. त्यात सुट्टीच्या हंगामाचा पाव पट अधिभार आहे, जो तुमच्या बारांपैकी आठ दिवसांना लागतो. म्हणजे आणखी ४. एकूण २८, आणि रोजच्या औषधाचे शुल्क याहून निराळे. बाईंचा दर त्याच मापात २.८ आहे खरा, पण तो रात्रीमागे आणि संपूर्ण जोडीसाठी आहे, त्यात औषध देणेही धरलेले आहे आणि हंगामी अधिभार नाही. अकरा रात्रींचे ३०.८ होतात. वरवर तिप्पट दिसणारा फरक प्रत्यक्षात दहा टक्क्यांचा आहे, आणि औषधाचे शुल्क मिळवले की तोही आणखी घटतो. एखाद्या सेवेचा दर कानावर पडला की तो नगामागे आहे की जोडीमागे, रात्रीमागे आहे की दिवसामागे, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये, असे मी अशिलांना नेहमी सांगतो.

आता त्या दहा टक्क्यांत मिळते काय, ते पाहू. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते; म्हणून तर त्याच्या आहाराचा सुमारे ८० टक्के भाग वाळलेले गवत असतो. भीती, दुखणे किंवा खाण्यातला अचानक बदल यांपैकी कशानेही हे आतडे मंदावते, आणि बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर पशुवैद्य ती तातडीची स्थिती मानतात. कुत्र्यांचे भुंकणे आणि वास जिथे दिवसभर सोसावा लागतो, तिथे हा धोका वाढतो, कारण ससा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. तो दुखणे लपवतो. माझ्या घरच्या मादीच्या बाबतीत हे मी अनुभवले आहे. एकदा आम्ही परगावी असताना, तिला सांभाळणाऱ्या बाईंचा रात्री नऊला फोन आला: आवडीची पाने तशीच पडली आहेत, ती कोपऱ्यात अंग आखडून, डोळे अर्धे मिटून बसली आहे, दात करकर वाजवते आहे आणि तळाच्या ट्रेमध्ये दुपारपासून जेमतेम सात-आठ लेंड्या आहेत, त्याही नेहमीच्या निम्म्या आकाराच्या. त्या तिला त्याच रात्री दवाखान्यात घेऊन गेल्या आणि दोन दिवसांत ती खायला लागली. दवाखान्याचे बिल त्या संपूर्ण मुक्कामाच्या खर्चाहून मोठे आले, पण मादी वाचली ती लेंड्या मोजणारे कोणी तिथे होते म्हणून. तुम्ही पैसे मोजता आहात ते या लक्षाचे. पिंजऱ्याची जागा त्यामानाने किरकोळ बाब आहे.

शेजारच्या मुलाबद्दल मला कृतज्ञतेनेच लिहायचे आहे, कारण त्याची इच्छा मनापासूनची दिसते. परंतु दोन फेऱ्यांमध्ये बारा तासांचे अंतर पडते, म्हणजे जेवढ्या वेळात दुखणे हाताबाहेर जाऊ शकते तेवढेच. निरोगी, तरुण सशांसाठी आणि दोन-तीन रात्रींसाठी मी कदाचित त्याला होकार दिला असता. तुमच्या मादीचे दात दुखतात, म्हणजे तिचे खाणे आधीच नाजूक आहे, आणि अकरा रात्री ही जबाबदारी त्या मुलावर टाकणे त्याच्यावरही अन्याय होईल.

आता पैसे कुठून काढायचे ते. सहलीची तारीख तुम्हीच ठरवली आहे आणि खर्चाचा आकडाही पाच महिने आधी हाती आहे. असा खर्च आपत्कालीन म्हणता येत नाही. उलट तो निधी या काळात भरलेला असणे अधिक गरजेचे आहे, कारण दवाखान्याचा फोन आलाच तर पैसे त्यातूनच द्यावे लागतील. सशांचा मुक्काम हा सहलीचा खर्च आहे, जसे तिकीट आणि राहण्याचे भाडे, आणि तो सहलीच्या अंदाजपत्रकातच बसला पाहिजे. तुमच्या आकड्यांनुसार प्रवासभाडे ४० टक्के आहे, ते रात्री कमी केल्याने बदलत नाही; उरलेले ६० टक्के अकरा रात्रींवर पसरले आहेत, म्हणजे रात्रीमागे सुमारे ५.५ टक्के. एक रात्र कमी केली की तेवढी रक्कम सुटते. सशांचीही एक रात्र वाचते, पण ती मी तुम्हाला परत देत नाही: निघण्याच्या महिनाभर आधी जोडीला एक रात्र बाईंकडे ठेवून पाहा आणि दुसऱ्या दिवशी ती नीट खाते आहे ना, हे स्वतः बघा. त्यामुळे मुक्कामाचा खर्च १२ टक्केच राहतो आणि भरून काढायचे उरतात ६.५ टक्के. पाच महिन्यांत विभागले, तर महिन्याला सहलीच्या अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के एवढी रक्कम बाजूला टाकावी लागेल. तुमच्या मासिक बचतीकडे पाहता हे जमण्यासारखे आहे. क्रेडिट कार्डावर टाकून नंतर हप्त्यांनी फेडण्याचा विचार मात्र करू नका. व्याज धरले की दहा टक्क्यांवर केलेला हा सगळा काथ्याकूट वाया जाईल.

लसीचा खर्च या तुलनेत धरू नका. तुमच्या भागात सशांच्या रक्तस्रावी रोगावरची आणि मिक्सोमॅटोसिस या सशांच्या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगावरची लस मिळत असेल, तर ती ससे घरी राहिले तरी द्यावीच लागते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे जातात, इतके ध्यानात ठेवून वेळ ठरवा.

विम्याबद्दल तुम्ही विचारले आहे. काही पॉलिसींमध्ये ससे येतात, परंतु आधीपासूनचे दुखणे बहुधा वगळलेले असते, आणि तुमच्या मादीचे दात त्यातच मोडतील. केवळ या सहलीसाठी हप्ता भरण्याऐवजी तेवढी रक्कम निधीत टाकावी, असे मी सुचवीन.

बाईंची अट अशी आहे की निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आणि शेवटच्या चौदा दिवसांत रद्द केल्यास ती परत मिळणार नाही. ही अट मला वाजवी वाटते, कारण तुमच्यासाठी राखलेली जागा त्यांना ऐन हंगामात दुसऱ्याला देता येणार नाही. मात्र सहल पुढे ढकलली गेली तर आगाऊ रक्कम नव्या तारखांना लागू होईल, एवढे लिहून घ्या आणि पावती घ्या. त्यासोबत तुमच्या सहीचे एक पत्र द्या: पशुवैद्याचे नाव व क्रमांक, औषधाची मात्रा, आणि तुमच्याशी संपर्क झाला नाही तर किती रकमेपर्यंतच्या उपचारांना तुमची आगाऊ संमती आहे तो आकडा. तो आकडा यजमानांशी बोलून आत्ताच ठरवा, कारण रात्री अकराला फोनवर तो ठरवणे दोघांनाही जड जाईल.

नेहमीचे गवत पूर्ण मुक्कामाला पुरेल इतके सोबत पाठवा आणि दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवायला सांगा; वेगळे केलेली जोडी पुन्हा जुळवताना भांडणे होतात. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बाईंना एकच प्रश्न विचारायचा राहिला आहे: रात्रीचा शेवटचा फेरा किती वाजता असतो आणि सकाळचा पहिला किती वाजता? या दोहोंत आठ तासांहून जास्त अंतर असेल, तर मला पुन्हा कळवा.