पतसंस्थेच्या जनसंपर्काचा वार्षिक आराखडा कसा करावा?

तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि आसपास १४ शाखा असलेल्या पतसंस्थेत आपली जनसंपर्क अधिकारी म्हणून नुकतीच नेमणूक झाली आहे, अध्यक्षांनी महिन्याभरात वर्षाचा आराखडा मागितला आहे, आणि आजवर या नावाखाली वर्धापनदिनाची जाहिरात, एखादी पत्रकार परिषद व दिनदर्शिका यांपलीकडे काही झालेले नाही. तेव्हा सुरुवात कोठून करावी, असा आपला प्रश्न आहे. मी एका नागरी सहकारी बँकेत १९ वर्षे हेच काम केले आणि पहिली काही वर्षे ते चुकीच्या टोकाकडून केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक आराखडे ‘आपल्याला काय सांगायचे आहे’ या प्रश्नापासून सुरू होतात. माझ्या अनुभवाप्रमाणे त्याहून महत्त्वाचा प्रश्न ‘कोणाला कोणाच्या आधी कळले पाहिजे’ हा आहे, आणि तो मला एका फजितीतून कळला.

आमच्या बँकेने जुनी संगणक प्रणाली बदलून सर्व शाखा एकमेकींशी जोडण्याचे ठरवले होते आणि त्यासाठी शनिवार ते सोमवार व्यवहार बंद राहणार होते. मी दोन दैनिकांत जाहिरात दिली, वार्ताहरांना प्रेस नोट पाठवली, प्रत्येक शाखेबाहेर फलक लावला आणि आपले काम चोख झाले अशा समाधानात घरी गेलो. रोज दारोदार फिरून छोट्या ठेवी गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांना मात्र कोणी काहीच सांगितले नव्हते. सोमवारी आमच्या एका मोठ्या शाखेच्या गावी आठवडे बाजार असतो. शाखेला कुलूप पाहून व्यापाऱ्यांनी रोज दुकानात येणाऱ्या एजंटाला विचारले, आणि त्या बिचाऱ्याने खरे तेच सांगितले: ‘मला काही कल्पना नाही, माझाही भरणा झालेला नाही.’ संध्याकाळपर्यंत बँक बुडाल्याची बातमी बाजारात पसरली. पुढचे दोन दिवस लोक रांगा लावून मुदत ठेवी मुदतीआधीच मोडत होते आणि आम्ही इतर शाखांतून रोकड आणत होतो. रांगेतल्या एका गृहस्थांना मी जाहिरात दाखवली, तेव्हा ते म्हणाले की जाहिरात त्यांनी वाचली होती. परंतु बँकेच्याच माणसाला ठाऊक नसेल, तर जाहिरात खरी कशी मानायची? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी आराखड्यात प्रत्येक निर्णयासमोर एक क्रम लिहू लागलो. व्याजदर बदलायचा असो, शाखा दुसऱ्या जागेत न्यायची असो किंवा लाभांश ठरायचा असो, तो आधी शाखाधिकाऱ्यांना कळेल, त्याच दिवशी रोखपाल, शिपाई आणि पिग्मी एजंट यांना, दुसऱ्या दिवशी सभासद व मोठ्या ठेवीदारांना आणि त्यानंतरच वर्तमानपत्राला. शिपायाचे नाव मी मुद्दाम लिहिले आहे, कारण आत येणारा माणूस पहिला प्रश्न बहुधा त्यालाच विचारतो. अध्यक्षांना हा क्रम सुरुवातीला रुचत नाही. छायाचित्रासह बातमी आधी छापून यावी असे त्यांना वाटते आणि त्यात गैर काही नाही, पण बातमी एक दिवस थांबू शकते.

आराखडा लिहायला बसण्यापूर्वी दोन आठवडे शाखांमध्ये काढावेत. खिडकीजवळच्या बाकावर बसून लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे, तक्रारवही वाचावी आणि किमान तीन एजंटांबरोबर पायी फिरावे. संचालकांना वाटते की लोकांना संस्थेची प्रगती जाणून घ्यायची आहे. प्रत्यक्षात लोक विचारतात की ठेवीची पावती हरवली तर काय करायचे, वारसाचे नाव लावायला कोणती कागदपत्रे लागतात, सोनेतारण कर्जाचे मूल्यांकन कोण करतो आणि मागच्या वर्षी लाभांश का मिळाला नाही. यांपैकी शेवटचा प्रश्न सोडला, तर बाकीच्यांची उत्तरे एका घडीपत्रकात मावतात. शेवटच्याचे उत्तर मात्र संचालक मंडळाने लेखी द्यावे असा आग्रह धरावा, नाहीतर ते प्रत्येक शाखेत वेगळे दिले जाईल.

वेळापत्रक आखताना कॅलेंडरपेक्षा गावाच्या पैशाकडे पाहावे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हे दोन टप्पे ठरलेले आहेत. मधल्या काळात जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश व पेरणी, दसरा-दिवाळीला खरेदी, आणि आपला भाग उसाचा असेल तर कारखान्याची बिले जमा होण्याचे दिवस, एवढे धरले की कोणत्या महिन्यात ठेवींविषयी बोलायचे आणि कोणत्या महिन्यात कर्जाविषयी, हे आपोआप स्पष्ट होते. सभेचा अहवाल हा संस्थेचा सर्वांत जास्त सभासदांपर्यंत पोहोचणारा मजकूर असतो आणि तरीही तो सर्वांत वाईट छापलेला असतो. त्यातले ताळेबंदाचे आकडे साध्या मराठीत समजावणारे एक पान आपण घातलेत, तर वर्षभराच्या जाहिरातींहून त्याचा उपयोग अधिक होईल, असे मला वाटते.

अडचणीच्या प्रसंगाची तयारी आराखड्यात स्वतंत्र असावी, कारण तो प्रसंग आपल्याच संस्थेत उद्भवेल असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली; ही मर्यादा काही दिवसांतच १०,००० रुपये झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. त्या बँकेशी आमचा काडीचा संबंध नव्हता, तरीही आमच्या खिडक्यांवर एकच प्रश्न येत होता: ‘आमचे पैसे सुरक्षित आहेत ना?’ बाजाराच्या दिवसाची आठवण ताजी असल्यामुळे आम्ही त्याच दुपारी सर्व शाखांना आणि एजंटांना एक पानाचे लेखी उत्तर दिले. त्यात आमची रोखता (म्हणजे मागणी येताच देता येईल असा पैसा), थकबाकीचे प्रमाण आणि बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या ठेव विम्याची तेव्हाची एक लाख रुपयांची मर्यादा, जशी होती तशी लिहिली होती. ‘काळजी करू नका’ हे शब्द मी त्यातून काढून टाकले होते, कारण ते वाचले की माणूस काळजी करू लागतो.

येथे पतसंस्थेसाठी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढले, पण ते बँकांतील ठेवींना आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते लागू नाही. ‘आपल्या ठेवी संपूर्ण सुरक्षित’ असा मजकूर पत्रकात छापण्याचा मोह होईल आणि कदाचित वरून सूचनाही येईल. त्याऐवजी राखीव निधी किती आहे, गुंतवणूक कोठे आहे आणि लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, हे छापावे. छापलेला शब्द लोक जपून ठेवतात आणि वेळ आली की तोच खिडकीवर आणून दाखवतात.

शब्दांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहायला २००३ सालचे कॅडबरीचे प्रकरण उपयोगी आहे. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रात चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची दखल घेतली. कंपनीचा पहिला खुलासा असा होता की, दोष दुकानातल्या साठवणुकीचा आहे. तो अंशतः खरा असला, तरी ग्राहकाच्या हातात वेष्टन कंपनीचेच होते आणि दुकानदार हाच कंपनीचा गावोगावचा चेहरा होता. त्याच्यावर बोट ठेवून तिने आपलाच दूत गमावला. पुढे कंपनीने ‘विश्वास’ नावाचा कार्यक्रम हाती घेऊन दुकानदारांपर्यंत साठवणुकीची माहिती पोहोचवली, २००४ च्या सुरुवातीला अधिक घट्ट बंद होणारे वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत घेतले. लोकांच्या लक्षात बच्चन राहिले आहेत. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांच्या हाती दाखवायला बदललेले वेष्टन होते. आपल्या संस्थेची थकबाकी वाढलेली असेल, तर वसुलीचा काही कार्यक्रम ठरल्याशिवाय त्याविषयीची पत्रकार परिषद घेऊ नये, कारण वार्ताहराचा दुसराच प्रश्न त्यावर असेल.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या वर्तमानपत्रांना शुभेच्छा जाहिराती द्याव्या लागतात, तो संबंधांचा भाग आहे. मात्र त्याला जनसंपर्काचे फलित समजू नये. कात्रणांची वही कॉलम सेंटिमीटरने मोजून तितक्या जागेच्या जाहिरातीचा दर काढायचा आणि ‘एवढ्या रुपयांची प्रसिद्धी मिळाली’ असे संचालकांना दाखवायचे, ही पद्धत मीही वापरली आहे. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे मान्य केलेल्या तत्त्वांत ही मोजणी जनसंपर्काचे मूल्य दाखवत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्यापेक्षा सुरुवातीच्या दोन आठवड्यांत आपण भरलेली वही सहा महिन्यांनी पुन्हा उघडावी, त्याच शाखांत बसावे आणि कोणते प्रश्न विचारले जाणे थांबले ते पाहावे. वारसनोंदीची कागदपत्रे लोक आता न विचारता सोबत आणत असतील, तर पत्रक पोहोचले. लाभांशाविषयी तीन शाखांत तीन उत्तरे मिळत असतील, तर आपला क्रम कोठेतरी तुटला आहे.

आराखड्याच्या शेवटी एक मागणी अवश्य लिहावी: संचालक मंडळाच्या मासिक सभेत निर्णय होतो त्या वेळी जनसंपर्क अधिकारी खोलीत उपस्थित असावा, मताचा अधिकार नसला तरी चालेल. निर्णय झाल्यावर ‘याची बातमी करा’ म्हणून ज्याच्याकडे कागद येतो, त्याला कोणाला आधी सांगायचे हे ठरवण्याची सवडच राहत नाही. मला ती खुर्ची मिळायला सात वर्षे आणि बाजाराच्या दिवसाची ती रांग लागली. आपण ती पहिल्याच महिन्यात मागून पाहावी. नकार मिळाला, तर निदान सभेची विषयपत्रिका तीन दिवस आधी हाती यावी एवढे तरी लेखी मान्य करून घ्यावे.