नव्या तलंगा आणि जुनी तांबडी

प्रश्न : ताई, आमच्या परसात पाच कोंबड्या आहेत, सगळ्या तीन वर्षांच्या. अंडी कमी झाली म्हणून चार दिवसांपूर्वी चार महिन्यांच्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या. रात्री अंधारात खुराड्यात सोडल्या की सकाळी जुन्यांना पत्ताही लागत नाही, असं ऐकलं होतं. तसंच केलं. सकाळी दार उघडलं तर एकीच्या तुऱ्यातून रक्त येत होतं, दुसरी अंड्यांच्या खोक्यात डोकं खुपसून बसली होती आणि तिसरी अजून दाण्याजवळ फिरकत नाही. तिघींना परत देऊन टाकू का?

उत्तर : परत देऊ नका. पण रक्तवालीला आत्ताच्या आत्ता बाजूला काढा, बाकीचं नंतर वाचा. लाल ठिपका दिसला की कोंबड्या त्यावरच टोचत राहतात, शांत स्वभावाच्यासुद्धा. जखम स्वच्छ धुऊन त्यावर जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, लावा. लाल रंग झाकला जातो आणि जखमही सुकते. पूर्ण खपली धरेपर्यंत ती इतरांत नको.

आता तो ‘पत्ताही लागत नाही’चा सल्ला. मीही एकदा त्यावर विश्वास ठेवला होता. कोंबड्या एकमेकींना डोक्यावरून, तुऱ्यावरून बरोबर ओळखतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही म्हणून रात्र शांततेत जाते, एवढंच. उजाडलं की हिशेब सुरू. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरुप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२१ मध्ये लिहून ठेवलं, की कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. बाहेरून एक जरी आली तरी ती उतरंड पुन्हा लागते. टोचाटोची झाल्याशिवाय ती लागणारच नाही. आपण फक्त ती रक्तापर्यंत जाऊ नये एवढं बघायचं.

मारामारीपेक्षा मला तुमच्या पत्रातल्या ‘चार दिवसांपूर्वी’ची काळजी जास्त वाटली. नवी कोंबडी वरून ठणठणीत दिसते आणि आतून काहीतरी घेऊन येते. मायकोप्लाझ्मा हा श्वासाचा आजार झालेली कोंबडी बरी होते, पण जंतू तिच्या अंगात राहतात. प्रवासाचा ताण आला की पुन्हा शिंका, डोळ्यांत फेस. मानमोडी, रक्ती हगवण, पंखांखालच्या उवा, सगळं याच वाटेने येतं. म्हणून नव्या कोंबड्या निदान चार आठवडे दूर ठेवायच्या. मधे नुसती जाळी असून भागत नाही, वारा इकडून तिकडे जाणार नाही इतकं अंतर हवं. त्यांची भांडी वेगळी, चपला वेगळ्या. रोज आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, उलट कधीच नाही. तुमच्याकडे आता सगळ्या एकत्र बसून उठल्या आहेत, तेव्हा यातला बराचसा फायदा हातचा गेला. तरी पुढचा महिनाभर आठही जणींवर नजर ठेवा. रात्री दिवा न लावता खुराड्यापाशी उभं राहून श्वासाची घरघर ऐकायची, ही माझी जुनी सवय आहे. दिवसा लपलेला आजार अंधारात ऐकू येतो. कुणी मान टाकली, हिरवी पातळ विष्ठा दिसली, तर थेट जनावरांचे डॉक्टर गाठा.

पुढे काय करायचं? तलंगांना अंगणाच्या एका कोपऱ्यात जाळी लावून वेगळं घर करून द्या. आतच दाणा, आतच पाणी, झोपायला दांडी. दिसायच्या सगळ्या, भिडायचं कुणी नाही. निदान आठवडाभर, दहा दिवस झाले तर उत्तम.

माझ्याकडे पूर्वी तांबडी म्हणून एक म्हातारी होती, शेपटीची दोन पिसं कायमची गेलेली. जाळी लावली त्या सकाळी मी बादली उपडी टाकून बघत बसले. तांबडी आली, मानेची पिसं फुलवली आणि जाळीवर थाडकन चोच मारली. पलीकडची करडी तलंग दोन पावलं मागे सरली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तांबडी नुसती चालत आली, करडीने मान खाली घातली आणि तांबडी तिथेच मातीत आडवी होऊन धुळीत लोळायला लागली, पाठ करडीकडे. कोंबडी ज्याच्याकडे पाठ करून धुळीत लोळते, त्याची तिला धास्ती राहिलेली नसते. माझ्या लेखी जाळी काढायची वेळ तीच. तारीख बघून काढू नका.

जाळी काढाल ती संध्याकाळी, खुराड्यात शिरायच्या तासभर आधी. सगळ्यांना पोट भरून झोपायची घाई असते, भांडायला वेळ थोडा. दाण्याची भांडी दोन-तीन, एकमेकांपासून लांब आणि मधे काहीतरी आड येईल अशी ठेवा. नाहीतर एकटी तांबडी सगळ्यांवर पहारा देते. पळायला जागा हवी. फळी तिरकी टेकवा, फांद्यांचा ढीग करा, पण जिथे शिरून अडकायला होईल असा कोपरा ठेवू नका. आत दर कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेर दहा धरून चला. आठ जणींना तुमचं पाचांचं खुराडं पुरतं का, ते आधी मोजा. मला शंका आहे.

पाठलाग, डोक्यावर एखादी टोच, दांडीवरून ढकलून देणं, हे चालायचंच. मधे पडू नका. मात्र रक्त आलं, किंवा तिघी मिळून एकीला कोपऱ्यात दाबायला लागल्या, तर हात घाला. आणि संध्याकाळी एकेकीला उचलून गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. भरलेली लागली तर काळजी नाही, रिकामी असेल तर ती उपाशी झोपते आहे. एखादी जुनी फारच मारकुटी निघाली, तर नवीला नको, त्या मारकुटीलाच चार-पाच दिवस वेगळं ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा दुसरीने घेतलेली असते, आणि बाईसाहेब गप्प होतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, तलंगांना एक टक्का पुरे. तेच खाद्य त्यांना आठवड्यामागून आठवडे मिळालं तर मूत्रपिंडं बिघडतात. एकत्र झाल्यावर सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाते.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं ठेवली तर ती सांभाळते का?

उत्तर : बहुतेकदा सांभाळते, पण पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत आणि ती खुडूक होऊन दोनेक आठवडे तरी बसलेली हवी. अंधार पडल्यावर एकेक पिल्लू पोटाखाली सारा आणि तेवढी अंडी काढून घ्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथे हजर राहा. ती घशातून हलकं कुटकुटत असेल तर काम झालं. चोच मारत असेल तर पिल्लं लगेच उचलून दिव्याच्या उबेला ठेवा, पुन्हा प्रयत्न करू नका.