तिसरी-चौथीच्या मुलांना हॉकीत गोलवर मारायला कसं शिकवावं?

पटांगण लहान, तेही काँक्रीटचं, आणि मुलं नुसती जोरात मारत सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. मी दादरला याच वयाच्या मुलांना शिकवतो. माझं ठाम मत आहे की या मुलांना हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन घुमवून मारणं, इतक्यात शिकवूच नका. आधी पुश, म्हणजे स्टिक बॉलला टेकवून ढकलणं, पक्का होऊ दे.

आपल्याकडच्या पोरांच्या हातात स्टिक दिली की ती बॅटसारखीच धरतात. दोन्ही हात वर एकमेकांना चिकटलेले, आणि लगेच मागून उचलून घुमवायची. म्हणून पहिल्यांदा हात सुटे करा. डावा वरच्या टोकाशी, उजवा साधारण मध्यावर. डावा खांदा गोलकडे, गुडघे वाकलेले, स्टिक बॉलला आधीपासूनच टेकलेली. मग उजव्या पायावरचं वजन डाव्यावर आणत बॉल ढकलायचा. 'टक्' असा आवाज आला तर तो पुश नव्हे. परत करायला लावा. मुलांना हे फार आवडतं, ती एकमेकांचे आवाज पकडायला लागतात.

डावखुऱ्या मुलांचं काय, हे पालक हमखास विचारतात. हॉकीत डावखुरी स्टिक नियमात बसत नाही, सगळे उजव्या हाताच्याच स्टिकने खेळतात. सुरुवातीला त्या मुलांना जरा जास्त वेळ द्या, त्यांची सवय बसते.

आता गोल. भिंतीवर खडूने आखा. खरा गोल 3.66 मीटर रुंद असतो, तुम्ही दोन-अडीच मीटरचा करा. खऱ्या गोलच्या तळाला 46 सेंटिमीटर उंचीची फळी असते. त्याच उंचीवर आडवी रेघ मारा, तिच्या वर गेलेला बॉल बाद. दोन्ही कोपऱ्यांना गुण द्या, मधल्या भागाला शून्य, कारण तिथे गोलकीपर उभा असतो. एवढं केलं की मूल मारण्याआधी मान वर करून बघतं. मला विचाराल तर शूटिंगमधलं अर्धं शिक्षण त्या बघण्यातच आहे.

डी, म्हणजे गोलसमोरची अर्धवर्तुळासारखी जागा, तीसुद्धा आखा. आक्रमण करणाऱ्याची स्टिक डीच्या आत बॉलला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत, हे लहानपणीच अंगवळणी पडावं. खरी डी गोलपासून 14.63 मीटरपर्यंत असते, तुम्हाला चार-पाच मीटर पुरे. बाजूने मित्राने पास द्यायचा, एका टचमध्ये थांबवायचा, दुसऱ्यात पुश. भिंतीवरून परत आलेला बॉलही सोडायचा नाही, स्टिक जमिनीला टेकवूनच धावायचं. लहान मुलांच्या सामन्यात कितीतरी गोल अशा रिबाउंडवर होतात.

सगळ्या वर्गाची एकच रांग मात्र लावू नका. तीन-चार गोल आखा, प्रत्येकाला भरपूर पाळ्या मिळू देत. काँक्रीटवर टेनिस बॉल वापरा, नडगीला पॅड हवेतच.

पावसाळ्यात हॉलमध्ये सराव चालू ठेवा. इनडोअर हॉकीत तशीही हिट मारायला परवानगी नसते, त्यामुळे काहीच अडणार नाही.