राउटरचा सीपीयू चढतोय आणि संशय मॉनिटरिंगवर आहे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (महापे): नवीन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवल्यापासून सिस्को राउटरचा सीपीयू दर पाच मिनिटांनी ९०% च्या वर जातो, यादीत सगळ्यात वर 'एसएनएमपी इंजिन' दिसतं. राउटर बदलायला लागेल का?

नाही हो, एवढ्यात कोटेशन मागवू नका. 'शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी' मारा, टोकं बरोबर पोलिंगच्या (सॉफ्टवेअर राउटरला आकडे विचारतं त्या) वेळेलाच येत असतील तर कारण सापडलं. एसएनएमपी इंजिन ही मॉनिटरिंगच्या प्रश्नांना उत्तर देणारी प्रोसेस, ती लो प्रायॉरिटीची असते, दुसरं काम आलं की मागे सरकते, त्यामुळे ट्रॅफिक नीट जात असेल तर नुसत्या ९०% ला घाबरायचं नाही. पण लॉगिन अडकायला लागलं, राउटिंगचे नेबर (शेजारचे राउटर) पडायला लागले तर मात्र लगेच हात घाला.

बहुतेक वेळा काय होतं, सॉफ्टवेअर डिस्कव्हरीच्या नावाखाली अख्खं राउटिंग टेबल आणि एआरपी टेबल (कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्याचा, ती यादी) मागतं. एसएनएमपीला उत्तर ओआयडीच्या (प्रत्येक माहितीला दिलेल्या नंबराच्या) क्रमानेच द्यावं लागतं आणि राउटर स्वतःचं टेबल त्या क्रमाने ठेवत नाही, मग एकेक ओळ शोधून द्यायची, आणि राउट हजारोंनी असले की बिचारा त्यातच अडकतो. आधी सॉफ्टवेअरमधली ती टिक काढा. ते तुमच्या हातात नसेल तर राउटरवर एसएनएमपी व्ह्यू (काय दाखवायचं, काय नाही याची यादी) बनवा, त्यात पहिल्यांदा 'आयसो', म्हणजे सगळंच, इन्क्लुड करा, मग १.३.६.१.२.१.४.२१ (राउटिंग टेबल) आणि १.३.६.१.२.१.४.२२ (एआरपी टेबल) एक्सक्लुड करा आणि तो व्ह्यू कम्युनिटीला (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) जोडा. पहिली ओळ राहिली तर सगळंच बंद होईल, एवढं सांभाळा. मॉनिटरिंग पूर्ण बंद करू नका, ते तुमचे डोळे आहेत.

प्रश्न (वागळे इस्टेट): एक गिगाबिट लिंकचा ग्राफ चुकीचा येतो म्हणून दर १० सेकंदाला पोल करतोय, आता सीपीयू चढतोय.

तुम्ही इंटरफेसवरून गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटचा काउंटर वाचताय. लिंक पूर्ण भरली की तो साधारण ३४ सेकंदात शून्यावर येतो, म्हणून ग्राफ गंडतो. 'इफएचसीइनऑक्टेट्स' आणि 'इफएचसीआउटऑक्टेट्स' हे ६४ बिटचे काउंटर घ्या, त्याला एसएनएमपीची व्हर्जन २सी किंवा ३ लागते, आणि पोलिंग पाच मिनिटांवर न्या. साहेबांना लाइव्ह ग्राफच हवा असेल तर फक्त त्या एका इंटरफेसचा द्या.

प्रश्न (घोडबंदर रोड): सोसायटीच्या मायक्रोटिक राउटरवर एसएनएमपी बंद आहे, तरी सीपीयू फुल.

विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) टॉर्च, म्हणजे लाइव्ह ट्रॅफिक दाखवणारं टूल, उघडा राहिलाय का बघा! टॉर्च चालू असताना फास्टट्रॅक (पॅकेट शॉर्टकटने नेणारी सोय) काम करत नाही, प्रत्येक पॅकेट सीपीयूला पूर्ण रस्त्याने न्यावं लागतं. बंद करा आणि मग सीपीयू कोण खातंय ते 'टूल प्रोफाइल' लावून बघा.

प्रश्न (ऐरोली): आमच्याकडे मॉनिटरिंगच नाही, तरी एसएनएमपी सीपीयू खातंय.

मग बाहेरून कोणीतरी विचारतंय. 'शो एसएनएमपी' मध्ये 'अननोन कम्युनिटी नेम' चा आकडा वाढतोय का ते बघा. कम्युनिटी 'पब्लिक' ठेवली असेल तर तो आकडा वाढणारही नाही, कारण विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळतंय, आणि ते जास्त वाईट. वापरत नसाल तर 'नो एसएनएमपी-सर्व्हर' मारून आजच बंद करा, वापरायचं असेल तर वॅनकडून (इंटरनेटच्या बाजूने) यूडीपी १६१, म्हणजे एसएनएमपीचा पोर्ट, अडवा आणि कम्युनिटीला एसीएल (कोणाला परवानगी याची यादी) लावा.