पीएच.डी.च्या अर्जाआधी विद्यापीठ नीट बघून घे

अनेक आशीर्वाद.

पुण्यात पीएच.डी. करायची, पण विषय ठरत नाही, असं तू लिहिलंस. विषय थोडे दिवस बाजूला ठेव. ज्याला आपण सरसकट 'पुणे विद्यापीठ' म्हणतो, त्यात कोण कोण आहे ते आधी समजून घे.

गणेशखिंडीच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विभाग आहेत, तशा स्वतंत्र संस्थाही आहेत: खगोलशास्त्राची आयुका, पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आणि खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण चालवणारी एनसीआरए. फाटक एकच असलं तरी प्रवेश वेगवेगळे. एनसीआरए ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा, त्यामुळे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देऊन तिथे जाता येत नाही. भौतिकशास्त्राच्या मुलांनी जेस्टची, म्हणजे अशा संशोधन संस्थांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेची, तारीख वेगळी लिहून ठेवावी.

उलट, विद्यापीठाचं बरंच काम आवाराबाहेर चालतं. वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषा फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. पदवीचे बहुतेक वर्ग पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत भरतात. त्यांतल्या काही महाविद्यालयांत मान्यताप्राप्त संशोधन केंद्रंही आहेत. घर नाशिकला असेल तर पुण्यात खोली घेण्याआधी तिथल्या केंद्रांची यादी बघ. पदवी तीच मिळते. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मात्र स्वतः जाऊन बघावं, कागदावर सगळीच केंद्रं सुसज्ज असतात.

मार्गदर्शकांची यादी विद्याशाखेनुसार लागते आणि मुलं इथेच चुकतात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्याशाखा चार: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या चौथीत येतात. मानवविज्ञानात शोधत बसलं की 'जागाच नाहीत' असं वाटतं.

आता मार्गदर्शक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे मोठं नाव बघून अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी विचार: जागा रिकामी आहे का, आणि निवृत्ती कधी? विचारायला संकोच नको, चांगले मार्गदर्शक सरळ सांगतात.

त्याहून महत्त्वाचं, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड. एका मार्गदर्शकाचे दोन-तीन पुरेत. संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि संदर्भसूची आधी वाच. प्रत्येक प्रबंधात तीच प्रश्नावली, फक्त तालुका बदललेला, असं दिसलं तर तुझ्या वाट्याला उरलेला तालुका येणार हे धरून चाल. नोंदणीचं आणि सादर केल्याचं वर्ष दिलेलं असेल तर तेही टिपून ठेव. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. एखाद्याकडे सगळेच मुदतवाढीपर्यंत गेले असतील तर कारण बहुधा विद्यार्थी नसतात.

एवढं झालं की विषय आपोआप आकुंचन पावतो, आणि तो पावायलाच हवा. 'ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षण' हा विषय नव्हे, ते कपाट आहे. कोणत्या शाळा, कोणती वर्षं, कोणती कागदपत्रं, ती कोणाच्या ताब्यात आणि बघायला मिळतील का, हे पाच ओळींत लिहिता आलं तरच आराखड्याला हात घाल. मुलाखतीत याच ओळींवर प्रश्न येतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती नसेल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. मराठीत लिहिणार असशील तर पहिल्या टिपणापासून युनिकोडमध्येच लिही. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या प्रणालीला वाचता येत नाही, मग शेवटच्या महिन्यात तीनशे पानं रूपांतरित करून जोडाक्षरं दुरुस्त करत बसावं लागतं.

तीन मार्गदर्शकांची नावं आणि प्रत्येकाकडच्या एकेका प्रबंधावर अर्धं पान, एवढं पाठव. विषयाचं मग बोलू.