एंजल आयलंड: एका दिवसात काय पाहावं?

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोत एकच दिवस मोकळा आहे. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आठवण जपणारं एखादं स्मारक पाहायचं असेल तर कुठे जावं?

उत्तर: सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल आयलंड हे बेट. याला ‘पश्चिमेचं एलिस आयलंड’ म्हणतात (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांच्या तपासणीचं बेट), पण मला ती उपमा पटत नाही. एलिस आयलंडवरून बहुतेक लोक काही तासांत पुढे जात. इथलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र (१९१० ते १९४०) मुख्यतः चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास मनाई करणाऱ्या १८८२च्या चिनी बंदी कायद्याची अंमलबजावणी करायला होतं, त्यामुळे माणसं आठवडे, कधी महिनोन्‌महिने अडकून पडत.

पाहायच्या आहेत त्या बराकीच्या लाकडी भिंती. कोंडलेल्या चिनी लोकांनी त्यांवर कविता कोरल्या, बहुतेक निनावी. अधिकाऱ्यांनी कोरलेल्या खाचांत लांबी (पुट्टी) भरून वर रंगाचे थर चढवले. पण लांबी आकसली, अक्षरांच्या जागी खाचा उमटल्या आणि रंगामुळे लाकूड टिकलं ते वेगळंच. इमारत पाडायची ठरलेली असताना १९७०मध्ये अलेक्झांडर वाइस या पार्क रेंजरचं या अक्षरांकडे लक्ष गेलं, आणि पुढे लोकांनी ती वाचवायला चळवळ केली.

समोरून पाहिलं तर भिंत कोरी वाटते आणि लोक तशीच ओलांडून जातात. बाजूला सरका, नजर भिंतीला जवळजवळ समांतर ठेवा. तिरप्या उजेडात अक्षरं दिसू लागतात. हात मात्र लावू नका.

चौकशीची माहितीही सावकाश वाचा. १९०६च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या. ‘माझा जन्म इथलाच, म्हणजे मी नागरिक’ हा दावा खोडणं त्यामुळे अवघड झालं, आणि अशा नागरिकांचे मुलगे म्हणून फक्त कागदोपत्री नातं दाखवून येणारे वाढले. मग अधिकारी विचारत: गावच्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा डबा कुठे, शेजारी कोण? नातेवाइकाचं उत्तर जुळलं नाही तर परत पाठवणी. त्यामुळे खरे मुलगेसुद्धा बोटीवर उत्तरं घोकत.

बाहेर १९७९चा चिनी शिलालेख असलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. तिथे पाच मिनिटं पुरे.

आता जाण्याचं. फेरी सॅन फ्रान्सिस्कोहून किंवा टिब्युरॉनहून मिळते. जुन्या तुरुंगाच्या अल्काट्राझ बेटाची बोट वेगळी, तिचं तिकीट चालत नाही. बोट आयाला कोव्हला लागते, केंद्र मात्र ईशान्येला चायना कोव्हपाशी. सुरुवातीलाच चढ, मग रस्ता. एका बाजूला अर्धा ते पाऊण तास धरा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: दुपारच्या बोटीने येतात आणि पोचेपर्यंत संग्रहालय बंद व्हायला आलेलं असतं. ते सोमवार-मंगळवारी साधारणपणे बंद असतं, इतर दिवशीही दुपारी तीनच्या सुमारास दार लावतात. सकाळची पहिली बोट धरा, परतीची शेवटची बोट उतरतानाच विचारून घ्या, आणि जायच्या आठवड्यात दोन्ही वेळा तपासा. वारा बोचरा असतो, जाकीट न्या.

संध्याकाळी हाताशी वेळ उरला तर शहरात ५ वुड स्ट्रीटवर गदर स्मारक आहे. गदर पक्ष हा ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकेत गेलेल्या भारतीयांचा, बहुतांश पंजाबी मजूर-शेतकऱ्यांचा. त्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. बंडासाठी पिंगळे भारतात परतले आणि नोव्हेंबर १९१५मध्ये लाहोरला फासावर गेले. स्मारक रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका, भारतीय वाणिज्य दूतावासाकडे आधी चौकशी करा.